तिला विचारलं का?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून निघताना बाईच्या ओटीत तांदूळ, सुपारी आणि खण पडतो. तो खण पुढे ब्लाऊज शिवणारीकडे जातो. ती छातीभोवती टेप धरते, आकडे वहीत उतरवते आणि आठ दिवसांनी ब्लाऊज तयार होतं. यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. पण जिचा एक स्तन कर्करोगामुळे काढावा लागला आहे, तिला यातली प्रत्येक पायरी जड जाते. टेप धरताना काय सांगायचं? शिवणारी हे गल्लीत बोलली तर? मग खण पेटीत तसाच राहतो आणि पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला जाणंच टळतं.

रुग्णालयाच्या फाइलमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे गाठीचा आकार असतो, काखेतल्या किती ग्रंथींमध्ये रोग पोचला तो आकडा असतो, केमोच्या तारखा असतात. पाच वर्षांनी रोगाचा मागमूस नाही असं लिहिलं जातं, घरात पेढे येतात, आणि तो आनंद अगदी खरा असतो. पण त्या पाच वर्षांत तिचा हात डोक्यापर्यंत जात होता का, रात्री झोप लागत होती का, नवऱ्याजवळ ती मोकळी होती का, आंघोळीच्या वेळी तिने स्वतःकडे पाहणं सोडलं का, याची नोंद कुणी ठेवली? या पुस्तिकेचा विषय तो आहे. स्तन काढल्यानंतरचं जगणं. नवा स्तन घडवून घेतला तर कसं, आणि न घेतला तर कसं.

हा विषय मुंबई-पुण्याकडून न पाहता खाप्याकडून पाहायचं ठरवलं आहे, आणि त्याला कारण आहे. खापा हे नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातलं कन्हान नदीकाठचं गाव, नागपूरपासून पस्तीसेक किलोमीटरवर. नगरपालिका इथे १८६७ साली आली. जुन्या गॅझेटिअरात गावाची ओळख आहे ती हातमागावरच्या सुती कापडाची. आसपास मँगनीजच्या खाणी, कापूस आणि संत्र्याची शेती. म्हणजे हे अगदी आडवळणाचं खेडं नाही आणि शहरही नाही. महाराष्ट्रातल्या लाखो बाया अशाच गावांत राहतात. कर्करोगाचं मोठं रुग्णालय त्यांच्या आवाक्यात असतं. पण शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याबद्दल बोलणारं माणूस आवाक्यात नसतं.

आणि या बाया थोड्या नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि ९८ हजारांवर स्त्रिया या रोगाने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडच्या स्त्रियांना तो साधारण दहा वर्षं लवकर गाठतो. म्हणजे मुलं शाळेत असतात, घरचं आणि शेतातलं काम अंगावर असतं, आणि पुढे तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य शिल्लक असतं. बरं झाल्यावर जगायचा काळ एवढा मोठा असेल, तर तो कसा जाणार हा प्रश्न उपचाराइतकाच महत्त्वाचा आहे.

या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी टोचते. त्यात स्त्रीचा आवाज फार उशिरा ऐकू येतो. अपवाद आहेत. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिचा स्तन ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये काढला गेला. भूल नव्हतीच, ईथरचा वापर सुरू व्हायला आणखी पस्तीस वर्षं होती. पुढे तिने बहिणीला पत्रातून सगळं कळवलं. ते लिहायला तिला अनेक महिने लागले आणि लिहिलेलं पुन्हा वाचण्याचं धैर्य तिला झालं नाही. त्यानंतर ती २८ वर्षं जगली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हाल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकत्रच काढण्याची पद्धत रूढ केली. जितकं जास्त काढू तितका रोग मुळासकट जाईल, अशी त्यांची धारणा होती. छातीच्या फासळ्या दिसत, हात सुजे, खांदा आखडे. जीव वाचला म्हणून कुणी तक्रार करायची नाही, असा तो काळ. १९४८ साली लंडनच्या डेव्हिड पेटी यांनी छातीचा मोठा स्नायू जागेवर ठेवून शस्त्रक्रिया करता येते हे मांडलं. आज आपल्याकडे सर्रास होते ती शस्त्रक्रिया याच वळणाची.

खरा धक्का त्यानंतर बसला. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बर्टो वेरोनेसी यांनी लहान गाठींच्या बाबतीत थेट तुलना केली. काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं. वेरोनेसींच्या चाचणीत ७०१ स्त्रिया होत्या, फिशर यांच्या चाचणीत १८५१. वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले, तेव्हा दोन्ही गटांतल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगलेल्या होत्या. म्हणजे जवळपास शतकभर कितीतरी स्त्रियांनी गरजेपेक्षा जास्त गमावलं होतं.

खाप्याच्या दृष्टीने या निष्कर्षाला एक जोड लागते. स्तन वाचवला तर रेडिएशन जवळजवळ नेहमीच घ्यावं लागतं, आणि त्याचा पूर्वीचा क्रम आठवड्याला पाच दिवस असा पाच आठवड्यांचा होता. रोज नागपूरला जायचं आणि परत यायचं. सोबत कोण येणार, रोजी किती बुडणार, घरी चूल कोण पेटवणार? मग 'काढूनच टाका, एकदाचं होऊन जाऊ द्या' हे वाक्य घरातून येतं. शरीराचा एक भाग ठेवायचा की नाही, हे बसच्या वेळापत्रकावर ठरतं. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांनंतर आता तीन आठवड्यांत पंधरा वेळा रेडिएशन देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळली आहे, आणि २०२० साली निवडक रुग्णांसाठी पाचच वेळांचा क्रमही पुरेसा ठरल्याचं दिसलं. ही माहिती घरच्यांपर्यंत निर्णयाआधी पोचली, तर कदाचित तेच वाक्य वेगळं येईल. गाठ मोठी असेल किंवा रोग पसरलेला असेल तर स्तन काढण्यावाचून इलाज नसतो, हेही तितकंच खरं. आपल्याकडे बऱ्याच जणी उशिरा येतात, म्हणून ती वेळ जास्त जणींवर येते.

आता पुनर्रचनेकडे. नवा स्तन घडवण्याचे मुख्य मार्ग दोन. एक, सिलिकॉनचं रोपण, जे १९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये पहिल्यांदा झालं. दुसरा, स्वतःच्याच शरीराच्या पाठीची किंवा पोटाची त्वचा, चरबी आणि कधी स्नायू वापरणं. पाठीच्या रुंद स्नायूची कल्पना इटलीच्या इजिनिओ तान्सिनी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वापरली होती. पोटाच्या स्नायूसह त्वचा वर आणण्याची पद्धत १९८०च्या दशकात आली, आणि त्यानंतर स्नायू जागेवर ठेवून फक्त त्वचा-चरबी सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांसह जोडण्याची. ही शेवटची पद्धत उत्तम, पण शस्त्रक्रिया कित्येक तासांची आणि त्यासाठी तयार झालेले प्लास्टिक सर्जन मोजक्याच ठिकाणी. पुनर्रचना स्तन काढतानाच करता येते किंवा उपचार संपल्यावर, अगदी काही वर्षांनीही. 'तेव्हा केलं नाही म्हणजे संधी गेली' असा समज सर्वत्र आहे, आणि तो चुकीचा आहे.

प्रत्येक मार्गाची किंमत आहे आणि ती आधी सांगायला हवी. रोपणावर रेडिएशन झालं तर भोवतीचं आवरण कडक होण्याचा संभव वाढतो, आणि रोपण आयुष्यभर टिकेल असं धरून चालत नाही. खरखरीत पृष्ठभागाच्या काही रोपणांचा एका दुर्मीळ लसिका-कर्करोगाशी संबंध आढळल्यामुळे अॅलर्गन कंपनीने २०१९ साली ती जगभरातून परत घेतली. पाठीचा स्नायू वापरला तर ओढण्या-ढकलण्याच्या कामात काही काळ जोर कमी पडतो. बहुतेक जणी सावरतात. पण जिला विहिरीचं पाणी ओढायचं आहे, शेतात कुदळ मारायची आहे किंवा मागावर बसायचं आहे, तिने हे आधी विचारायला हवं आणि सर्जनने तिच्या कामाचं स्वरूप विचारायला हवं. पोटाचा स्नायू घेतला तर पोटाची भिंत दुबळी होऊ शकते. उत्तर अमेरिकेत २३०० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात, पुनर्रचनेनंतरच्या दोन वर्षांत दर तिघींमध्ये जवळपास एकीला काही ना काही गुंतागुंत झाली आणि साधारण पाचांत एकीला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. नामवंत केंद्रांमधला हा आकडा आहे.

असं असूनही अनेक जणींना पुनर्रचना हवी असते, आणि ती इच्छा पूर्णपणे रास्त आहे. मुंबईतल्या लेखिका-दिग्दर्शिका ताहिरा कश्यप यांनी २०१८ साली स्तन काढल्याचं आणि पाठीच्या स्नायूने पुनर्रचना केल्याचं स्वतः जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी जागतिक कर्करोग दिनी पाठीवरच्या व्रणासह आपलं छायाचित्र प्रसिद्ध केलं. पुण्यात डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर यांच्या प्रशांती कॅन्सर केअर मिशनने स्तनाचा आकार राखत रोग काढण्याचं शास्त्र शिकवण्याचं काम हाती घेतलं. हे सगळं महाराष्ट्रातच घडतं आहे.

दुसऱ्या बाजूचाही इतिहास आहे. अमेरिकी कवयित्री ऑड्री लॉर्ड हिने स्तन काढल्यानंतर कृत्रिम स्तन घालायला नकार दिला. ती तशीच सर्जनच्या दवाखान्यात गेली, तेव्हा तिथल्या परिचारिकेने तिला सुनावलं की असं आल्याने इतर रुग्णांचं मन खचतं. हा अनुभव तिने १९८० सालच्या आपल्या पुस्तकात मांडला. अलीकडे अमेरिकेत सपाट छातीनेच राहणाऱ्या स्त्रियांची चळवळ उभी राहिली आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा ९३१ स्त्रियांपैकी ७४ टक्के आपल्या निर्णयावर समाधानी होत्या. पण २२ टक्के जणींना सर्जनकडून विरोध, दुर्लक्ष किंवा न मागितलेली जादा त्वचा पदरी आली होती. पाहणी अशा समूहांमधूनच झाली असल्याने ती सगळ्यांना लागू धरता येत नाही, पण तिने दाखवलेलं दुखणं खरं आहे. तिथे बाईला म्हटलं जातं, तू पूर्ण दिसलीच पाहिजेस. आपल्याकडे म्हटलं जातं, आता या वयात काय करायचं आहे, वरून पदर तर असतोच. ही दोन वाक्यं उलटी वाटतात, पण दोन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे: तिला कुणी विचारलेलं नाही.

मग प्रश्न उरतो, जगणं अधिक चांगलं कुणाचं? नवा स्तन घेतलेलीचं की न घेतलेलीचं? २००९ साली तयार झालेल्या ब्रेस्ट-क्यू या प्रश्नावलीमुळे आता हे स्त्रीच्या तोंडून मोजता येतं: स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान, मनाची अवस्था, लैंगिक आयुष्य, छातीतल्या वेदना. पुनर्रचना करणाऱ्यांमध्ये स्वतःच्या ऊतींचा स्तन असलेल्या स्त्रिया दोन वर्षांनंतर रोपणवाल्यांपेक्षा जास्त समाधानी आढळल्या. पण पुनर्रचना केली आणि न केली यांची तुलना करताना चित्र एकसारखं राहत नाही. काही अभ्यासांत फरक पडतो, काहींत फारसा नाही. कारण सरळ आहे. या दोन गटांतल्या स्त्रिया मुळातच वेगळ्या असतात. वय वेगळं, रोगाची अवस्था वेगळी, पैसा वेगळा, मनात काय आहे तेही वेगळं. जिने माहिती घेऊन स्वतः ठरवलं तिला पुढे कमी पस्तावा होतो, असं मात्र पुन्हा पुन्हा दिसतं. या पुस्तिकेची भूमिका त्यावरच उभी आहे.

चर्चेचा सगळा भर छातीच्या आकारावर असतो. बाईचा दिवस मात्र बऱ्याचदा हातामुळे बिघडतो. काखेतल्या ग्रंथी काढल्यानंतर हातातला लसिकाद्रव परत वाहण्याची वाट तुटते आणि हात सुजतो. अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ साली जे मोजलं गेलं, त्यात काख पूर्ण साफ केलेल्या स्त्रियांमध्ये सुमारे पाचांत एकीला ही सूज आली. काखेतल्या फक्त पहिल्या, म्हणजे 'पहारेकरी' (सेंटिनल) ग्रंथी तपासून थांबलेल्यांमध्ये ते प्रमाण सहा टक्क्यांच्या आत होतं. डेन्मार्कमध्ये ३२५३ स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी विचारलं, तेव्हा ४७ टक्के जणी अजून दुखतं म्हणाल्या. काखेखालची, दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा बधिर होते, कधी तिथे मुंग्या येतात. हे आधी सांगितलेलं नसलं की बाईला वाटतं, रोगच परतला. आणि ती गप्प राहते.

खाप्यासारख्या गावात हा हात रिकामा बसत नाही. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोटांना बोचतात, संत्र्याच्या फांदीचा काटा लागतो, मागाची कांडी भरताना तोच हात शेकडो वेळा फिरतो. सुजणाऱ्या हाताला लहानशी जखमही महागात पडते. दोन दिवसांत हात लाल, गरम होऊन ताप भरतो. त्यामुळे शेतात जाताना हातमोजा, जखम झाल्याबरोबर साबणाने धुणं, घट्ट बांगड्या दुसऱ्या हातात, आणि लाली दिसताच डॉक्टर, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. मात्र 'आता या हाताने काहीच उचलायचं नाही' हा सल्ला जुना झाला. २००९ साली अमेरिकेत हातसूज असलेल्या १४१ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट सूज बळावण्याचे प्रसंग कमी झाले. भिंतीवरून बोटं चालवत हात रोज थोडा वर नेणं, खांदे फिरवणं, यासाठी यंत्र लागत नाही. लागतं ते दाखवणारं माणूस, आणि ते रुग्णालयातून सुटी होण्याआधी भेटायला हवं.

जिने पुनर्रचना केली नाही, तिला पेलवेल असा मधला मार्ग कापडातच सापडतो. बाजारातला सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वजनाला बरोबर असतो, पण किंमत हजारांत, आणि नागपूरकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्याखाली घाम साचून त्वचा सोलवटते. अमेरिकेत सुरू झालेल्या उपक्रमातून स्वयंसेवक सुती धाग्याने विणलेले हलके स्तन मोफत देतात, आणि तो धागा आता भारतातही पोचला आहे. घरी करायचं तर सुती कापडाची गोल पिशवी, आत कापूस, आणि ती वर सरकू नये म्हणून तळाशी थोडं वजन. ब्लाऊजला आतून मलमलीचा खिसा लावला की ती जागेवर बसते; कटोरी ब्लाऊज शिवणाऱ्या कुणालाही हे अर्ध्या तासात जमेल. पिढ्यान्‌पिढ्या सूत हाताळलेल्या गावाला हे काम परकं नाही. बचतगटाने ते मनावर घेतलं, तर माप देताना मान खाली घालायची वेळ येणार नाही.

नवरा-बायकोचं काय, हे विचारायला सगळेच कचरतात. केमो आणि हार्मोनच्या गोळ्यांनी पाळी लवकर जाते, कोरडेपणा येतो, इच्छा मावळते. त्यात छातीवरचा व्रण. बरेचदा नवरा दुखेल म्हणून लांब राहतो आणि तिला वाटतं, आपण नकोशा झालो. दोघंही एकमेकांची काळजीच करत असतात, पण बोलत नाहीत. ड्रेसिंगच्या वेळी तिची तयारी असेल तर नवऱ्याला एकदा आत बोलावणं, ही साधी गोष्ट कितीतरी अबोला टाळू शकते. डॉक्टरांनी ती सुचवायला हवी, कारण घरात ती कुणीच सुचवणार नाही.

उपचाराची सोय आता लांब नाही. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, एम्स आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, आणि मानेवाडा रस्त्यावर राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे; तुकडोजी महाराजांचा अंतही १९६८ साली कर्करोगानेच झाला होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रियेचा, केमोचा मोठा भार हलका होतो. पुनर्रचना, हाताचा व्यायाम, कृत्रिम स्तन यांतलं काय त्यात बसतं, हे योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेआधीच विचारावं.

पुढची पानं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. ऑपरेशन आठवड्यावर आलं असेल तर हाताचं प्रकरण आधी काढा. ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली असतील तरी पुनर्रचनेचं प्रकरण तुमच्यासाठीही आहे. आणि घरातल्यांना एक विनंती. नागपूरला निघताना रिपोर्टच्या पिशवीत एक कोरा कागद आणि पेन टाका. माझा स्तन वाचू शकतो का, काढला तर नवा करता येईल का, नाही केला तर काय, हात कधीपासून हलवू, हे प्रश्न तिला तिच्या शब्दांत लिहू द्या. लिहिता येत नसेल तर ती सांगेल तसं लिहून घ्या. डॉक्टरांच्या खोलीत तो कागद तिच्याच हातात असू द्या, आणि ती विचारत असताना मध्ये बोलू नका.